शब्दसंचय आणि अर्थविवेक : इंग्रजी शब्दवृद्धीच्या ग्रंथांचा एक विचार

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांचा एक स्वतंत्र वर्गच गेल्या दोन शतकांत निर्माण झालेला आहे. समानार्थी शब्दांचे कोश, विषयवार शब्दसूची, व्युत्पत्तीच्या आधारे शब्द शिकविणारी पाठ्यपुस्तके, निवडक शब्दांच्या याद्या, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. वाङ्मयसमीक्षेने या ग्रंथांकडे सहसा लक्ष दिलेले नाही. ते उपयोगाचे ग्रंथ. त्यांची समीक्षा ती काय करावयाची, अशी साधारण समजूत दिसते. परंतु प्रत्येक उपयोगाच्या ग्रंथामागे भाषेविषयी काही एक कल्पना गृहीत धरलेली असते, आणि ती कल्पना वाचकाच्या नकळत त्याच्या लेखनात उतरते. आपल्या विद्यापीठांतून मराठी माध्यमाचे जे विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासाकडे येतात, त्यांच्या हाती इंग्रजी गद्याच्या उत्तम ग्रंथांच्या आधी ही पुस्तके पडतात. म्हणून ती तपासून पाहणे हे अभ्यासविभागाचे कर्तव्यच आहे.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. रोजच्या जीवनात आपल्याला जे सूक्ष्म भेद जाणवतात, उदाहरणार्थ एखादी गोष्ट सोसणे आणि ती खपवून घेणे यांतील किंवा हळहळ आणि पश्चात्ताप यांतील भेद, ते इंग्रजीतून नेमके व्यक्त करण्याचे सामर्थ्य या ग्रंथांनी येते काय? येत असल्यास किती, आणि येत नसल्यास का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पुष्कळ शब्द ओळखीचे असणे हा शब्दसंचय. हाताशी असलेल्या शब्दांतून प्रसंगाला उचित तो निवडता येणे हा अर्थविवेक. पहिल्यातून दुसरा आपोआप निर्माण होतो, हे या वर्गातील बहुतेक ग्रंथांचे गृहीतकृत्य आहे, आणि नेमके तेच वादग्रस्त आहे.

१

समानार्थी शब्दांतील भेद सांगण्याचा उद्योग इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. हेस्टर पिओझी या विदुषीचा ‘ब्रिटिश सिनॉनिमी’ हा ग्रंथ १७९४ साली प्रसिद्ध झाला. परिचितांच्या संभाषणातील शब्दांची निवड नियमित करण्याचा हा प्रयत्न आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटलेले आहे. पिओझीबाई डॉ. जॉन्सन यांच्या निकटच्या परिवारातील होत्या आणि त्यांचे दुसरे पती इटालियन होते. परकीय माणसाची इंग्रजी बोलताना कोठे अडचण होते, हे त्यांना घरातच पाहावयास मिळाले असले पाहिजे. त्यांच्या विवेचनात शास्त्रीय काटेकोरपणा कमी असला तरी दृष्टी अचूक आहे : शब्दाचा प्रश्न हा कोणी, कोणाशी व कोणत्या प्रसंगी बोलावयाचे याचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १८१६ साली जॉर्ज क्रॅब यांनी समानार्थी शब्दांच्या विवेचनाचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांचा भर व्युत्पत्तीवर आणि नैतिक भेदांवर आहे. परिणामी ग्रंथाला भारदस्तपणा आला. बैठकीतील बोलणे मात्र त्यातून बरेचसे निघून गेले.

या परंपरेला वेगळे वळण दिले ते पीटर मार्क रॉजेट यांनी. रॉजेट हे व्यवसायाने वैद्य होते. १८२७ ते १८४८ या काळात ते रॉयल सोसायटीचे कार्यवाह होते. १८०५ साली स्वतःच्या उपयोगासाठी त्यांनी शब्दांची एक वर्गीकृत सूची तयार केली होती. निवृत्तीनंतर तिचा विस्तार करून वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे १८५२ साली, त्यांनी आपला ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती व भावना असे सहा वर्ग आणि त्यांत एक हजार शीर्षके अशी त्याची रचना आहे. नेहमीचा कोश शब्दाकडून अर्थाकडे नेतो. हा ग्रंथ अर्थाकडून शब्दाकडे नेतो. निसर्गशास्त्रज्ञाने वनस्पतींचे कुल व जाती लावाव्यात तशी त्यांनी कल्पनांची मांडणी केली.

मराठी वाचकाला विशेष वाटावे असे एक स्थळ रॉजेट यांच्या प्रस्तावनेत आहे. कल्पनांच्या क्रमाने शब्दांची मांडणी करण्याच्या पूर्वीच्या प्रयत्नांची नोंद घेताना त्यांनी सर्वांत प्राचीन म्हणून अमरकोशाचा निर्देश केला आहे. कोलब्रुक यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ साली श्रीरामपूर येथे छापले गेले होते, तेही त्यांनी सांगितले आहे. मात्र अमराचे वर्गीकरण त्यांना अपूर्ण व गोंधळाचे वाटले, विशेषतः अमूर्त कल्पना व मनोव्यापार यांच्या बाबतीत. वर्गीकरणशास्त्राच्या दृष्टीने हा अभिप्राय समजण्यासारखा आहे. परंतु एका गोष्टीकडे रॉजेट यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. अमरकोशाचे दुसरे नाव ‘नामलिङ्गानुशासन’ असे आहे. म्हणजे शब्दाबरोबर त्याचे लिंग, अर्थात वाक्यात तो कसा चालवावयाचा याची निदान एक खूण, अमरसिंह देतो. शिवाय तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग घालून एकाच शब्दाला अनेक अर्थ असतात हेही तो मान्य करतो. रॉजेट यांच्या हजार शीर्षकांखाली शब्द दाटीवाटीने उभे असतात. पण त्यांतला कोणता कोठे चालेल याविषयी ग्रंथ मूक राहतो.

हे मौन अनवधानाने आलेले नाही. समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद सांगणे हा अभ्यासाचा वेगळा प्रांत असून आपण त्यात शिरत नाही, असे रॉजेट यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. ज्याला शब्द ठाऊक आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याला तो आठवून देणे एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. थिसॉरस हा स्मरणाचा ग्रंथ आहे, शिक्षणाचा नव्हे. ज्याची ती मातृभाषा आहे, किंवा ज्याने ती दीर्घ वाचनाने मातृभाषेसारखी केली आहे, त्याला तो अमूल्य आहे. याउलट जो परकी भाषा शिकत आहे त्याच्या हाती तो दिला म्हणजे न पाहिलेल्या गावाचा नुसता नावांचा तक्ता दिल्यासारखे होते. आपल्याकडील विद्यार्थी ‘साधा’ शब्द खोडून त्याच्या जागी त्याच शीर्षकाखालचा ‘भारी’ शब्द घालतो, तेव्हा दोष रॉजेट यांचा नसतो. ग्रंथाचे प्रयोजन न समजता तो शिफारस करणाऱ्या शिक्षकाचा असतो.

२

विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत, शब्दवृद्धीला वेगळेच रूप आले. शब्द हे व्यावहारिक यशाचे साधन आहे, असा प्रचार सुरू झाला. जॉन्सन ओ’कॉनर यांनी आपल्या प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचण्यांच्या आधारे १९३४ साली एका मासिकात असे मांडले की, मोठ्या उद्योगांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा शब्दसंग्रह इतरांपेक्षा मोठा असतो. यानंतर विल्फ्रेड फंक व नॉर्मन लुईस यांचे तीस दिवसांत शब्दसामर्थ्य वाढविण्याचे पुस्तक १९४२ साली आले, आणि १९४९ साली लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ प्रसिद्ध झाले. १९७८ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. भारतात स्पर्धा-परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर हे पुस्तक आजही दिसते.

लुईस यांचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. ते वाचकाशी थेट बोलतात, शब्द सुटासुटा न देता कुळांनी देतात, उच्चार सांगतात, प्रत्येक पाठानंतर सराव करून घेतात व मागील पाठाची उजळणी पुनःपुन्हा आणतात. स्मरणाच्या दृष्टीने ही पद्धती उत्तम आहे. ‘मिसँथ्रोप’, ‘मिसॉजिनिस्ट’, ‘मिसॉगमिस्ट’ हे तीन शब्द द्वेषवाचक ग्रीक धातूच्या एका दोऱ्यात ओवून दिले की विद्यार्थी ते विसरत नाही. संस्कृत धातू व उपसर्ग यांची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला तर ही रीत घरचीच वाटते. आहार, विहार, संहार, प्रहार यांची जात तो शाळेतच शिकलेला असतो.

तथापि तीन आक्षेप घ्यावेच लागतात.

पहिला आक्षेप गृहीतकावर आहे. मोठ्या अधिकाऱ्यांचा शब्दसंग्रह मोठा असेल, तर शब्दसंग्रह वाढविल्याने माणूस मोठा अधिकारी होतो असे त्यातून सिद्ध होत नाही. चांगले शिक्षण, दीर्घ वाचन व सुस्थितीतील घर या कारणांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या असणे अधिक संभवनीय आहे. शिवाय दिलेल्या पर्यायांतून अर्थ ओळखण्याच्या चाचणीने ओळख मोजली जाते, वापर मोजला जात नाही. परकी भाषेत या दोहोंतील अंतर फार मोठे असते.

दुसरा आक्षेप व्युत्पत्तीच्या अतिरेकावर आहे. शब्दाचा उगम सांगणे म्हणजे त्याचा आजचा अर्थ सांगणे नव्हे. इंग्रजीतील ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ ‘अज्ञ’ असा होता; ‘सिली’ या शब्दाचा एके काळी ‘भाग्यवान, पुण्यवान’ असा अर्थ होता. मराठी माणसाला हे पटवून देण्यासाठी दूर जावयास नको. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. मराठीत राग म्हणजे क्रोध. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. केवळ व्युत्पत्तीच्या बळावर मराठी लिहू पाहणारा परप्रांतीय संस्कृतज्ञ जसा फसेल, तसाच केवळ ग्रीक-लॅटिन धातूंच्या बळावर इंग्रजी लिहू पाहणारा मराठी विद्यार्थी फसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. लुईस यांनी शिकविलेल्या शब्दांत व्यक्तिप्रकारांची, व्यवसायांची, विकारांची व मतांची नावे फार आहेत. ही बहुधा नामे आहेत, म्हणजे लेबले आहेत. लेबल वर्णनाला संक्षेप देते. पण वर्णन करण्याचे सामर्थ्य देत नाही. रोजच्या बोलण्यात आपण माणसाला ‘माणूसघाणा’ म्हणतो तेव्हा त्या शब्दात चिडही असते आणि थोडी घरगुती थट्टाही असते. ‘मिसँथ्रोप’ म्हटले की थट्टा नाहीशी होऊन तत्त्वज्ञानातील एक भूमिका उभी राहते. ‘एकलकोंडा’ या शब्दाची छटा इंग्रज मनुष्य बहुधा ‘कीप्स टु हिमसेल्फ’ अशा तीन अगदी सामान्य शब्दांनी देईल. हे तीनही शब्द आपल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच भेटलेले असतात. त्यांची ही जुळणी मात्र त्याला ठाऊक नसते, आणि शब्दवृद्धीच्या पुस्तकात तिला सहसा जागाही मिळत नाही, कारण ती कठीण दिसत नाही.

३

या प्रवाहाच्या अगदी उलट दिशेने जाणारा दुसरा प्रवाह आहे, आणि त्याचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षणसेवेत असताना ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्वैभाषिकतेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२६ सालचा आहे. पुढे त्यांनी एन्डिकॉट यांच्यासह सिद्ध केलेल्या १९३५ च्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ केवळ १,४९० शब्दांत सांगितले होते. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० सर्वसाधारण शब्दांची सूची प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, तीत शब्दांबरोबर त्यांच्या वेगवेगळ्या अर्थांचे सापेक्ष प्रमाणही दिलेले आहे. शब्द एक असला तरी त्याचे अर्थ अनेक आणि त्या अर्थांना सारखेच महत्त्व नसते, हे त्यामुळे शिक्षकाच्या डोळ्यांपुढे आले.

याच सुमारास सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ची कल्पना मांडली. ८५० शब्द आणि त्यांत अवघी अठरा क्रियापदे! उरलेल्या क्रियापदांचे काम ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गो’ यांना शब्दयोगी अव्ययांची जोड देऊन भागवावयाचे. हा हिशेब कागदावर सुबक दिसतो. परंतु ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तीन शब्द निरनिराळे शिकलेल्याला ‘पुट अप विथ’ याचा अर्थ ‘मुकाट्याने चालवून घेणे’ असा आहे हे कसे कळावे? शब्दांची संख्या कमी झाली, शिकावयाच्या गोष्टी मात्र कमी झाल्या नाहीत. त्या दृष्टीआड झाल्या एवढेच.

तरीही वेस्ट व ऑग्डेन यांच्या उद्योगातून एक मोठे सत्य हाती लागते, जरी ते त्यांना नेमके अभिप्रेत नव्हते. प्रगत इंग्रजी ही सामान्य इंग्रजीच्या पलीकडे नाही. ती तिच्या पोटात आहे. ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद एखाद्या पंडिती शब्दाची नव्हती. ती ‘सेट’ या एकाक्षरी क्रियापदाची होती. भाषेतील सूक्ष्म भेदांचा भार असे लहान शब्दच वाहत असतात.

४

हा भार ते कसा वाहतात याचे शास्त्रीय उत्तर जे. आर. फर्थ यांच्या विचारात आहे. फर्थ हे १९२८ पर्यंत लाहोर येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाच्या अर्थाचा एक अंश त्याच्या नेहमीच्या सोबत्यांत असतो, हा सहप्रयोगाचा सिद्धान्त त्यांनी १९५१ च्या निबंधात मांडला. त्यांच्याच परंपरेतील जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात संगणकावर साठविलेल्या विपुल गद्याच्या आधारे १९८७ साली ‘कोबिल्ड’ कोश सिद्ध केला. त्यात शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यात, म्हणजे त्याच्या सोबत्यांसह, सांगितलेला असतो.

या अभ्यासातून जे दिसून आले ते कोणत्याही जुन्या समानार्थी कोशात नव्हते. उदाहरणार्थ, ‘सेट इन’ हा प्रयोग बहुधा अनिष्ट गोष्टींच्याच बाबतीत होतो, असे सिंक्लेअर यांना आढळले. ‘कॉज’ या अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या क्रियापदाचे कर्मही बहुतेक वेळा अपाय, त्रास, हानी असेच असते, हे मायकेल स्टब्ज यांनी १९९५ साली दाखविले. मराठी वाचकाने आपल्या भाषेकडे पाहावे. ‘कारणीभूत’ हा शब्द आपण अपघाताच्या, भांडणाच्या, ऱ्हासाच्या बाबतीत वापरतो. ‘माझ्या यशाला माझे गुरुजी कारणीभूत आहेत’ असे कोणी म्हटले तर कानाला खटकते. ‘गोंधळ माजतो’, ‘बेदिली माजते’, ‘रान माजते’. शिस्त माजत नाही. हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही, आणि कोशात सहसा ते सांगितलेले नाही. परकी भाषेत मात्र ते कोणी तरी सांगावे लागते, नाही तर वाचनातून टिपावे लागते.

आता खेदवाचक शब्दांचा एक लहान गट घेऊ. ‘रिग्रेट’, ‘रिमॉर्स’, ‘कंपंक्शन’ आणि ‘क्वाम’ हे चार शब्द शब्दवृद्धीचे पुस्तक एका ओळीत बसविते. त्यांचा व्यवहार मात्र भिन्न आहे. ‘रिग्रेट’ला स्वतःचा अपराध असावाच लागत नाही, हुकलेल्या संधीबद्दलही ते होते आणि औपचारिक पत्रातील नकारातही ते येते. ‘रिमॉर्स’ अपराधाशिवाय संभवत नाही. ‘कंपंक्शन’ बहुधा नकारात भेटते : एखाद्याने ते न बाळगता काही केले, असे म्हटले जाते. ‘क्वाम’ही बहुधा अनेकवचनी व नकारार्थी वाक्यात येतो, आणि त्याचा रोख झालेल्या गोष्टीपेक्षा करावयाच्या किंवा चालू असलेल्या गोष्टीवर अधिक असतो. मराठीत या प्रदेशाची वाटणी वेगळ्या रेषांनी झाली आहे. दुसऱ्याच्या हानीबद्दल हळहळ, हातून निसटलेल्या गोष्टीची चुटपुट, मनात मागे उरलेली रुखरुख, अपराधाचा पश्चात्ताप. यांत पश्चात्ताप व ‘रिमॉर्स’ बरेच जुळतात. रुखरुखीला मात्र एका शब्दाचा इंग्रजी जोडीदार मिळत नाही. तेथे ‘इट स्टिल बॉदर्स मी’ यासारखे साधे वाक्यच अधिक नेमके ठरते. जो विद्यार्थी रुखरुखीसाठी ‘रिमॉर्स’ लिहील तो कठीण शब्द लिहील, पण खोटे बोलेल. ज्या गोष्टीत त्याचा अपराध नव्हता तिचा अपराध तो कबूल करून बसेल.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की मराठी भाषकाची बाजू अगदीच लंगडी आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मराठीच्या अंगीच अशी काही साधने आहेत की, ती जाणीवपूर्वक वापरल्यास इंग्रजीतील अर्थविवेक सुलभ होतो.

पहिले साधन शब्दांच्या थरांची जाणीव. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत देशी शब्दांवर फ्रेंच शब्दांचा व पुढे लॅटिन शब्दांचा थर चढला. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ हे तिन्ही विचारण्याचेच शब्द; पण पहिला घरातला, दुसरा चौकशीचा आणि तिसरा पोलिसी. मराठीतही तद्भव व देशी, फारसी-अरबी आणि तत्सम असे थर आहेत. विचारणे, जाब घेणे, पृच्छा करणे यांतील अंतर मराठी माणसाला उपजत कळते. तहानलेला मनुष्य पाणी मागतो. ‘जल’ मागितले तर नाटकातले वाटते. ‘बिगिन’च्या जागी सर्वत्र ‘कमेन्स’ घालणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे की, तू जेवणाच्या पंक्तीत ‘भोजनास प्रारंभ करा’ असे म्हणत आहेस. कधी तेही शोभते. रोज शोभत नाही. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रयोगकोशात अशा बेगडी प्रतिष्ठित शब्दांची जी थट्टा केली आहे, तिचे मर्म मराठी वाचकाला या दृष्टान्ताने चटकन कळते.

दुसरे साधन म्हणजे कमतरतेची नेमकी जाणीव. इंग्रजी क्रियापद गतीबरोबर तिची रीतही पोटात घेते. मराठी ती रीत क्रियापदाबाहेर ठेवते. भाषांच्या या भेदाची मांडणी लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ साली केली. आपण लंगडत जातो, रमतगमत जातो, पाय ओढत जातो, चवड्यांवर जातो. इंग्रजीत ‘लिंप’, ‘स्ट्रोल’, ‘शफल’, ‘टिपटो’ ही स्वतंत्र क्रियापदे आहेत. पाहण्याच्या बाबतीत मराठीची स्थिती पुष्कळ बरी आहे : न्याहाळणे, निरखणे, डोकावणे अशी क्रियापदे तिच्याजवळ आहेत. परंतु एकंदरीत मराठी विद्यार्थ्याची इंग्रजी ‘गो’, ‘लुक’, ‘से’ यांना क्रियाविशेषणे जोडून चालते, आणि म्हणून ती सपाट भासते. त्याला खऱ्या अर्थाने नवे शब्द हवे असतील तर ते येथे, रीतिवाचक क्रियापदांत हवे आहेत. विकारांच्या ग्रीक नावांत नव्हे.

तिसरे साधन संयुक्त क्रियापदांचे. ‘ते काम मी करून टाकले’, ‘करून ठेवले’, ‘करून पाहिले’, ‘करून दिले’, ‘करून बसलो’, या पाच वाक्यांत काम तेच आहे. बदलते ती बोलणाऱ्याची वृत्ती. कटकट संपविल्याची सुटका, पुढची तरतूद, प्रयोग, उपकार आणि पश्चात्ताप अशा पाच वृत्ती एका दुय्यम क्रियापदाने दाखविल्या जातात. इंग्रजीत त्या अनुक्रमे ‘गॉट इट ओव्हर विथ’, ‘हॅड इट रेडी’, ‘ट्राइड डूइंग इट’, ‘डिड इट फॉर हिम’, ‘वेंट अँड डिड इट’ अशा प्रयोगांनी बऱ्याच अंशी साधतात. यांतील एकही शब्द वेस्ट यांच्या दोन हजारांच्या बाहेरचा नाही. तसेच ‘तो आलाच नाही’ यातील ‘च’साठी इंग्रजी ‘ही नेव्हर टर्न्ड अप’ म्हणते. शब्दकोशात ‘च’ शोधून हे सापडणार नाही.

याच रीतीने सहनशीलतेचा गट पाहावा. सोसणे म्हणजे ‘बेअर’ किंवा ‘एन्ड्युअर’. अपुऱ्या वस्तूवर चालवून घेणे म्हणजे ‘मेक डू विथ’. माणसाचा त्रास चालवून घेणे म्हणजे ‘पुट अप विथ’. नापसंत असूनही मुभा देणे म्हणजे ‘टॉलरेट’. संकटातून निभावून नेणे म्हणजे ‘सी इट थ्रू’. ‘खपवून घेणार नाही’ यातील अधिकाराचा स्वर ‘वोन्ट स्टँड फॉर इट’ यात येतो. अशी तुलना एकदा केली म्हणजे मराठी विद्यार्थ्याला दोन्ही भाषांचे काही तरी नवे कळते. मोल्सवर्थ यांनी कॅन्डी बंधूंच्या साहाय्याने १८५७ साली आपल्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती काढली. त्यातील घरगुती शब्दांच्या नोंदी या दृष्टीने आजही अभ्यसनीय आहेत. त्या कोशातील इंग्रजी काही ठिकाणी जुनी झाली आहे. परंतु एका मराठी शब्दासाठी एकच इंग्रजी शब्द ठोकून न देता त्याचा प्रसंग वर्णन करण्याची त्याची पद्धती जुनी झालेली नाही.

६

या साऱ्या चर्चेचे आपल्या विभागाच्या कार्याशी असलेले नाते आता सांगितले पाहिजे. अर्थविवेकाचा अभाव हा बोलण्यात केवळ सौंदर्याचा दोष असतो. संशोधनात तो सत्याचा दोष होतो. इंग्रजीत प्रबंध लिहिणारा विद्यार्थी ‘प्रूव्ह’, ‘शो’, ‘इंडिकेट’, ‘सजेस्ट’ ही क्रियापदे पुनरुक्ती टाळण्यासाठी आलटून पालटून वापरतो. पण ही चार क्रियापदे म्हणजे पुराव्याच्या बळाच्या चार पायऱ्या आहेत. आधार सुचविण्यापुरताच असताना ‘प्रूव्ह’ लिहिणे हे अप्रमाण विधान आहे. त्याचप्रमाणे ‘क्लेम’ म्हटल्याने लेखक दुसऱ्याच्या विधानापासून दूर उभा राहतो, ‘आर्ग्यू’ म्हटल्याने त्याच्या युक्तिवादाचे अस्तित्व मान्य करतो, आणि ‘कन्सीड’ म्हटल्याने ते विधान प्रतिपक्षाला अनुकूल होते असे सुचवितो. ‘रिफ्यूट’ हा शब्द तर विशेष धोक्याचा आहे. मराठीत ‘खंडन’ शब्दाने नुसता विरोधही सूचित होतो आणि सप्रमाण निरसनही होते. इंग्रजी गद्याच्या काटेकोर परंपरेत ‘रिफ्यूट’ हा दुसऱ्यासाठीच राखलेला आहे. ज्याने केवळ नाकारले त्याने ‘रिफ्यूट’ केले असे लिहिणारा संशोधक न झालेल्या वादाचा निकाल देऊन मोकळा होतो.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य होईल. दुर्मीळ शब्दांना काहीच स्थान नाही काय? अवश्य आहे. शास्त्राची परिभाषा, जुन्या ग्रंथांचे वाचन, काव्याचा अभ्यास यांसाठी मोठा शब्दसंचय हवाच. लुईस यांच्या पुस्तकाने तो वाचनापुरता वाढत असेल तर त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तसेच सहप्रयोगाच्या अभ्यासालाही मर्यादा आहे. बहुसंख्य लेखक काय लिहितात हे संगणक सांगतो. मला काय म्हणावयाचे आहे हे तो सांगू शकत नाही. रूढ जोडी मोडूनच कधी कधी नवा अर्थ निर्माण होतो. परंतु जोडी मोडण्याचा अधिकार ती ज्याला ठाऊक आहे त्यालाच पोहोचतो.

तेव्हा अभ्यासक्रमाच्या दृष्टीने पाहता शब्दांच्या याद्या पाठ करविण्याऐवजी विद्यार्थ्याकडून एक टिपणवही ठेवविणे अधिक फलदायी होईल. वाचनात आलेल्या शब्दापुढे त्याने चार गोष्टी नोंदवाव्यात : तो कोणत्या शब्दांच्या सोबतीत आला, होकारी वाक्यात आला की नकारी, घरातला आहे, कचेरीतला की ग्रंथातला, आणि बोलणाऱ्याची कोणती वृत्ती त्यातून प्रकट झाली. पाचवी नोंद मराठीची असावी : जवळचा मराठी शब्द कोणता आणि तो कोठवर जुळतो. ही पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण भेद कोठे आहे हे आधी स्वतःच्या भाषेत जाणवल्याशिवाय दुसरीत तो शोधण्याची गरजच वाटत नाही. परीक्षकांनीही एका शब्दाबद्दल शब्द मागणारे प्रश्न कमी करून, एकाच प्रसंगाचे दोन निरनिराळ्या वृत्तींनी वर्णन करावयास सांगावे. अशा उत्तराला गुण देणे कठीण जाईल. पण विद्यार्थी इंग्रजीत विचार करू शकतो की नाही, हे त्यावरून कळेल.

रॉजेट यांनी इंग्रजीच्या शब्दभांडाराचा नकाशा काढला, लुईस यांनी त्यातील काही उंच शिखरे दाखविली, वेस्ट यांनी तळाची वस्ती मोजली. त्या वस्तीतील माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकण्याचे काम मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच करावयाचे आहे. कोणताही ग्रंथ त्याच्यासाठी ते करू शकत नाही, आणि शिक्षकाने त्याला निदान एवढे तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.